उभ्या गाडीतलं पेट्रोल

पेट्रोल किती दिवस टिकतं, असं विचारलं की गॅरेजमध्ये एक उत्तर मिळतं, गाडीसोबतच्या पुस्तिकेत दुसरं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसरं. कुणी सांगतं, महिनाभर गाडी उभी राहिली की कार्बोरेटर खोलावाच लागतो. कुणी छातीठोकपणे सांगतं की गावाकडची बाइक वर्षभर झाकून ठेवली होती आणि चौथ्या किकला सुरू झाली. दोघंही खरं बोलत असतात. त्या पेट्रोलला किती हवा लागली, किती ऊन लागलं, त्यात पाणी शिरलं का आणि ते टाकीत होतं की कार्बोरेटरच्या वाटीत, यावर सगळं ठरतं. दिनदर्शिकेवरचे महिने त्यानंतर येतात.

गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडे इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर जोरात वाद चालू आहे. तो जवळजवळ सगळा मायलेजभोवती फिरतो. गाडी रोज पळते असं गृहीत धरून तो घातला जातो. पण वर्षातले आठ-दहा महिने उभी राहणारी यंत्रंही पेट्रोलवरच चालतात. फवारणीचा पंप, गवत कापायचं मशीन, झाडं तोडायची चेन सॉ, होडीचं इंजिन, दुकानातला छोटा जनरेटर, ही ती यंत्रं. शिळ्या पेट्रोलचा खरा मार यांनाच बसतो आणि त्यांच्या मालकांशी याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बीपी कंपनीनं ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकांना दिलेला हिशेब मला या बाबतीत सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यात तापमान धरलेलं आहे. सावलीत ठेवलेल्या सीलबंद डब्यातलं पेट्रोल साधारण वर्षभर टिकतं. सील एकदा उघडलं की २० अंश सेल्सिअसला सहा महिने आणि ३० अंशांना तीनच. आपल्याकडे ३० अंश हे सावलीतलं, बऱ्यापैकी सुखाचं तापमान झालं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बाइकच्या काळ्या टाकीला हात लावता येत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही लागू आहे. त्यामुळे थंड देशातल्या पुस्तिकांमधले ‘सहा महिने’ आपण जसेच्या तसे उचलू नयेत.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. चार कार्बनच्या ब्युटेनपासून बारा कार्बनपर्यंतच्या शेकडो हायड्रोकार्बनचं ते मिश्रण असतं आणि प्रत्येक घटक आपापल्या तापमानाला उडतो. भारतीय मानक आयएस २७९६ नुसार ७० अंशांपर्यंत त्यातला किमान १० टक्के भाग उडाला पाहिजे, १०० अंशांपर्यंत किमान ४० टक्के, आणि २१० अंशांच्या आत सगळं. त्या पहिल्या १० टक्क्यांचं काम फार मोलाचं आहे. इंजिनात जळते ती वाफ. द्रव पेट्रोल नुसतं जळत नाही. सकाळी गार इंजिनाला किक मारताना जी थोडीशी वाफ तयार होते, ती या हलक्या घटकांची. गाडी उभी राहिली की सगळ्यांत आधी तेच निघून जातात.

टाकी बंद असली तरी ती श्वास घेत असते. दिवसा तापली की आतली वाफ फुगून बाहेर पडते, रात्री गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकी जितकी रिकामी, तितका हा श्वास मोठा. अर्ध्याहून कमी पेट्रोल ठेवून गाडी उन्हात सोडली तर उरतं ते जड, आळशी पेट्रोल. चोक ओढूनही गाडी लवकर घेत नाही, पहिली काही मिनिटं मिसिंग करते, मग गरम झाली की नीट चालते. ऑक्टेनही थोडा उतरतो, कारण उडून गेलेल्या हलक्या घटकांचा ऑक्टेन चांगला असतो. मात्र हे नुकसान भरून निघणारं आहे. टाकीत ताजं पेट्रोल घातलं की हलका भाग परत येतो आणि तक्रार संपते. ‘वर्षभर उभी होती तरी चालू झाली’ या किश्श्यांमधलं पेट्रोल बहुतेकदा एवढंच म्हातारं झालेलं असतं.

दुसरा प्रकार असा सुटत नाही. त्याचं मूळ शंभर वर्षं मागे आहे. सुरुवातीचं पेट्रोल कच्च्या तेलातून थेट ऊर्ध्वपातनानं निघायचं आणि ते बऱ्यापैकी स्थिर असे. मोटारी वाढल्या, तेवढं पेट्रोल पुरेना. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम बर्टनच्या पद्धतीनं जड तेलाचे मोठे रेणू उष्णतेनं तोडून त्यांचं पेट्रोल करायला सुरुवात झाली. पेट्रोल भरपूर मिळालं, पण त्यात ऑलिफिन नावाचे असंतृप्त रेणू आले. या रेणूंमधला दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला चटकन जागा देतो. आधी पेरॉक्साइड तयार होतात, ते शेजारच्या रेणूंना चेतवतात आणि साखळी सुरू होते. शेवटी रेणू एकमेकांना चिकटून राळेसारखा पदार्थ बनतो. कारखान्यात त्याला गम म्हणतात. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्याच्या काठावर जो पिवळट चिकटा धरतो आणि गरम पाण्यानंही निघत नाही, तोही याच प्रक्रियेतून आलेला असतो.

या गमनं तेव्हा इतका त्रास दिला की पेट्रोलमध्ये ऑक्सिडीकरण रोखणारी रसायनं घालणं हा शुद्धीकरणाचा नेहमीचा भाग झाला. आजही माहुलच्या रिफायनऱ्यांमधून निघणारं पेट्रोल असो की जामनगरचं, त्यात अशी रसायनं मोजून घातलेली असतात. ती खर्च होत जातात. जोवर आहेत तोवर पेट्रोल जवळपास तसंच राहतं. संपली की घसरण एकदम वेग घेते. म्हणूनच शिळं होणं रोज थोडं थोडं जाणवत नाही. दोन महिने काहीच नाही आणि तिसऱ्या महिन्यात कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, बंद, असं घडतं ते यामुळे. प्रयोगशाळेत हाच कालावधी मोजतात. पेट्रोल बंद भांड्यात ऑक्सिजनच्या दाबाखाली १०० अंशांना ठेवायचं आणि ते ऑक्सिजन भराभर ओढू लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते बघायचं. युरोपीय आणि भारतीय मानकांत ही मर्यादा किमान ३६० मिनिटांची आहे, अमेरिकी मानकात २४०. तांबं असेल तर हा काळ आणखी घटतो. तांब्याचे अंश ऑक्सिडीकरणाला चालना देतात, म्हणून ते निष्प्रभ करणारं आणखी एक रसायन काही पेट्रोलांत घातलेलं असतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात पेट्रोल साठवू नये, याला एवढं भक्कम कारण आहे.

ताज्या पेट्रोलमध्ये विरघळलेला गम नगण्य असतो. जगभरची मानकं १०० मिलिलिटरमागे पाचेक मिलिग्रॅमच्या आसपास मर्यादा ठेवतात. मग एवढ्याशा गमनं इंजिन कसं अडतं, हे समजायला कार्बोरेटर उघडून बघावा.

खालची वाटी सोडवली की आत पाव कपाहून कमी पेट्रोल मावतं. वर फ्लोट, त्याला जोडलेली सुई. वाटीतली पातळी खाली गेली की फ्लोट उतरतो, सुई सुटते आणि टाकीतून पेट्रोल येतं. गाडी चालू असताना हे बरोबर आहे. गाडी उभी असताना काय होतं? वाटी हवेला उघडी असते, तिथलं पेट्रोल उडतं, पातळी घटते, फ्लोट उतरतो आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू राहिला असेल तर टाकीतून आणखी थोडं पेट्रोल वाटीत उतरतं. ते उडतं, पुन्हा उतरतं. उडतं ते फक्त पेट्रोल. गम मागे राहतो. महिना-दोन महिन्यांत एका वाटीभर पेट्रोलचा गम नव्हे, तर कितीतरी वाट्यांचा गम त्या एकाच वाटीत साचतो. गाडी उभी करताना कॉक बंद करा असं जुने मिस्त्री पोटतिडकीनं का सांगतात, त्याचं उत्तर यात आहे. टाकीतलं पेट्रोल अजून चांगलं असताना वाटीतलं मेलेलं असतं.

अशी वाटी उघडली की आधी वास येतो. ताज्या पेट्रोलचा नाकात शिरणारा तिखटपणा नसतो, जुन्या व्हार्निशच्या डब्याचा आंबूस दर्प असतो. तळाला तपकिरी, कधी हिरवट थर असतो, बोटानं खरवडला तर नखाखाली चिकटतो. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर पाणीही होतं असं समजावं. पितळेचा पायलट जेट काढून उजेडाकडे धरला की खरी अडचण दिसते. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, निरोगी जेटमधून उजेडाचा स्पष्ट ठिपका दिसला पाहिजे. इथे दिसत नाही, किंवा कडा खाल्ल्यासारखा वेडावाकडा दिसतो. त्या भोकाच्या कडेला गमचा पापुद्रा धरला तरी त्यातून जाणारं पेट्रोल निम्म्यावर येतं. आयडलिंगचं सगळं पेट्रोल इथून जातं, म्हणून पहिली तक्रार असते ती ‘गाडी सुरू होते, पण रेस सोडली की बंद पडते’. मेन जेटचं भोक मोठं असल्यानं ती रेसवर चालते आणि मालकाला वाटतं, प्लगचा प्रॉब्लेम आहे.

जेटमध्ये तार घालून तो साफ करू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. कार्ब क्लीनरमध्ये भिजवून उलट्या बाजूनं हवा मारणं हा बरोबर मार्ग. गम सुकून पक्का झाला असेल तर तेवढ्यानंही सुटत नाही आणि जेट बदलणंच परवडतं. फ्लोटची सुई चिकटली तर उलटं घडतं. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, पेट्रोल खाली ठिबकतं, क्वचित सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरू करण्याआधी ते बदललंच पाहिजे. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं रक्षण करत नाही.

इतकं सगळं झालं तरी फोर-स्ट्रोक इंजिन शिळ्या पेट्रोलनं सहसा मरत नाही. मरतो तो कार्बोरेटर. इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर गम बसून व्हॉल्व्ह अडकणं आणि पुशरॉड वाकणं हे घडतं, पण ते मुख्यतः महिनोन्‌महिने बंद असलेल्या जनरेटर आणि पंपांच्या छोट्या इंजिनांत. पेरॉक्साइड रबरी नळ्या आणि सील कडक करतात, तेही हळूहळू.

टू-स्ट्रोकची गोष्ट निराळी, आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. चेन सॉ, गवत कापायचं मशीन, बरेचसे पाठीवरचे फवारणी पंप, जुनी होडीची इंजिनं, सगळी या जातीची. गमनं मेन जेट अर्धवट अडला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं आणि त्याच क्षणी ऑइलही कमी मिळतं, कारण तेही त्याच भोकातून येत असतं. पिस्टन सिलिंडरला धरतो. मेकॅनिक त्याला ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतो आणि बोअर-पिस्टनचा खर्च सांगतो. मालकाला वाटतं ऑइल कमी टाकलं गेलं. त्यानं बरोबर मापानं टाकलेलं असतं. ते पिस्टनपर्यंत पोचलेलंच नसतं. बरणीत मिसळून ठेवलेल्या मिश्रणाचंही वय होतं. पेट्रोल उडतं, ऑइल राहतं, मिश्रण घट्ट होत जातं, धूर होतो आणि प्लग काळा पडतो.

इथेनॉल आणि पाणी आलं की टू-स्ट्रोकचा धोका आणखी वाढतो. इथेनॉलला पाणी प्रिय आहे. दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण १५ अंश तापमानाला जवळपास अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकतं, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला पन्नासेक मिलिलिटर. वीस टक्क्यांचं मिश्रण त्याहून जास्त पाणी सामावतं. तोवर काही बिघडत नाही, ते पाणी जळून निघून जातं. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासोबत तळाला जातं. वर ऑक्टेन घटलेलं पेट्रोल, खाली इथेनॉल आणि पाण्याचा थर. टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. इंजिनाची नळी टाकीच्या तळातून ओढते. म्हणजे पहिल्या घोटातच ऑइल नसलेलं, पाणी मिसळलेलं दारूसारखं मिश्रण पिस्टनकडे जातं.

समाजमाध्यमांवर फिरणारे बाटलीत पाणी ओतून दाखवलेले व्हिडिओ याच थराचे असतात. थर खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे. पावसाळी हवेतला ओलावा बंद टाकीत शिरून एवढं पाणी जमायला बराच काळ लागतो. झाकणाचं रबर कडक झालेलं असणं, पाइपनं गाडी धुणं, पुरात गाडी बुडणं किंवा पावसात उघड्यावर ठेवलेला कॅन, पाणी बहुतेकदा अशा वाटांनी येतं. आणि तापमान उतरलं की पेट्रोलची पाणी सामावण्याची क्षमता घटते, त्यामुळे दुपारी एकजीव असलेलं मिश्रण पहाटे फुटू शकतं. २० टक्के इथेनॉलमुळे रोज चालणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचतं, हे म्हणणं मला पटत नाही. रोज चालणारी गाडी आठवड्यात टाकी रिकामी करते.

इथेनॉलचं वेळापत्रकही नीट बघायला हवं. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशानं सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं ‘ई-२०’ पंपांवर यायला लागलं, आणि मूळ २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं गेलं. यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे. मळीपासून निघणाऱ्या इथेनॉलनं अनेक कारखान्यांना हात दिला, हेही खरं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानंच सांगितलं होतं की जुन्या रचनेच्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकींचं तीन-चार टक्के घटेल. चर्चा या आकड्यांवर अडकली. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांमधले रबरी आणि धातूचे भाग ई-२० ला चालतील असे केले गेले. पण त्याआधी विकत घेतलेला फवारणी पंप आणि चेन सॉ यांचं काय? त्यांच्या नळ्या, डायफ्राम, टाकीचे सील इथेनॉलमध्ये फुगणारे असू शकतात. शिवाय इथेनॉल चांगला द्रावक आहे. जुन्या लोखंडी टाकीच्या भिंतीला धरलेला गंज आणि गम तो सोडवून खाली आणतो, आणि मग नवीन पेट्रोल घातल्या घातल्या फिल्टर चोकअप होतो. इथेनॉल स्वतः गम बनवत नाही. त्याचा दोष तिथे शोधू नये.

इंधन इंजेक्शनच्या गाड्यांनी हा प्रश्न बराच सौम्य केला. प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंजेक्शनमध्ये उघडी वाटी नाही. पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळी लाइन बंद असते, टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये अडवली जाते. हवा कमी, म्हणून शिळेपण उशिरा. सहा महिने उभी असलेली इंजेक्शनची कार सुरू झाली नाही तर आधी बॅटरी तपासा. बहुतेकदा दोष तिचाच असतो. पण इथे बिघाड झालाच तर महागात जातो. टाकीतला पंप गमनं अडकतो, इंजेक्टरची भोकं कार्बोरेटरच्या जेटपेक्षाही बारीक असतात, आणि मिसिंग होत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं. शंभर-दोनशे रुपयांत जेट साफ करून घेण्याची सोय इथे नाही.

हवाबंद टाकी किती काम करते याचा उत्तम दाखला अमेरिकेतल्या शेव्हरले व्होल्ट या गाडीत मिळतो. २०१० च्या अखेरीस आलेली ही गाडी रोज विजेवर चालायची आणि पेट्रोल इंजिन महिनोन्‌महिने सुरूच व्हायचं नाही. कंपनीनं तिला दाब सहन करणारी, बंद पोलादी टाकी दिली आणि पेट्रोलचं वय मोजणारी प्रणाली बसवली. टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षभर जुनं झालं की गाडी स्वतःहून इंजिन चालवून ते जाळून टाकते. वर्षभर, तेही बंद टाकीत. देशांनाही पेट्रोलचं हे वय विचारात घ्यावं लागतं. भारताचे भूमिगत साठे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला आहेत, एकूण ५३ लाख ३० हजार टन क्षमतेचे, आणि त्यात ठेवलं जातं ते कच्चं तेल. शुद्ध केलेलं पेट्रोल न बदलता कुणी वर्षानुवर्षं साठवून ठेवत नाही.

ज्यांना साठवावंच लागतं त्यांनी वेगळं पेट्रोल बनवलं. स्वीडनमध्ये १९८८ पासून अॅस्पेन नावाचं अल्किलेट पेट्रोल मिळतं, त्यात ऑलिफिन जवळजवळ नाहीत आणि इथेनॉल नाही. चेन सॉ वापरणारे जंगल कामगार ते घेतात, कारण ते बंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याचा धूर कमी विषारी असतो. छोट्या विमानांचं १०० एलएल पेट्रोलही बहुतांशी अल्किलेटच असल्यानं जास्त टिकतं, पण त्यात शिसं असल्यानं आपल्या गाड्यांत ते घालू नये. शिसं कन्व्हर्टरचा घात करतं. आपल्याकडे मोसमी यंत्रांसाठी असं टिकाऊ पेट्रोल लिटरच्या डब्यात सहज मिळू लागलं तर महाग असूनही ते परवडेल, असं मला मनापासून वाटतं. वर्षाला दोन लिटर लागणाऱ्या माणसाला लिटरचा भाव दुप्पट झाल्यानं फरक पडत नाही. सीझ झालेल्या पिस्टननं पडतो.

कारण ही यंत्रं नेमकी अडचणीच्या वेळी लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, रस्त्यांवर झाडं पडली, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी चेन सॉ आणि जनरेटर बाहेर निघतात. ती आधीच्या हंगामात वापरून तशीच ठेवलेली असतील तर त्यांत काय भरलेलं असेल, हे वेगळं सांगायला नको. मच्छीमारांचा काळ तर कायद्यानंच ठरलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. हे दोन महिने पावसाळ्यातले, दमट. पेट्रोलवरचं आउटबोर्ड इंजिन मेअखेरीस तसंच उतरवून ठेवलं तर ऑगस्टच्या पहिल्या फेरीत ते किनाऱ्यापासून दूर बंद पडू शकतं. तिथे जेट साफ करायला मिस्त्री नसतो.

उपाय यंत्रानुसार बदलतो. प्लास्टिकची टाकी असलेलं छोटं मशीन हंगाम संपला की पूर्ण रिकामं करावं, मग ते सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. त्यानं वाटी आणि नळ्या कोरड्या होतात. लोखंडी टाकीच्या कार्बोरेटर बाइकला उलट सल्ला: टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत हवा आणि ओलावा कमी राहतो व गंज धरत नाही, कॉक बंद करावा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून ती रिकामी करावी. आउटबोर्डला कॉक बंद करून, गोडं पाणी देत, इंजिन थांबेपर्यंत चालवणं हा जुना आणि योग्य रिवाज आहे. इंजेक्शनच्या गाडीची टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, त्यापुढे ओतू नये, नाहीतर कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये द्रव पेट्रोल शिरतं. परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या गाड्यांना कुणीतरी महिन्यातून एकदा पार्किंगमध्ये पाच मिनिटं सुरू करतं; त्यानं बॅटरीही धड चार्ज होत नाही आणि ऑइलमध्ये ओल साचते. त्यापेक्षा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी, नाहीतर हात लावू नये. स्टॅबिलायझर नावानं मिळणारी द्रव्यं उपयोगाची आहेत, पण ताज्या पेट्रोलमध्ये, पहिल्याच दिवशी घातली तर. खर्च झालेली ऑक्सिडीकरणरोधक रसायनं ती भरून काढतात. झालेला गम परत पेट्रोल करत नाहीत.

कॅनमध्ये साठवण्याबद्दल १९३४ चा पेट्रोलियम कायदा स्पष्ट आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बंद होणाऱ्या भांड्यात, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं आणि काचेचं असेल तर एका लिटरपर्यंतचं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला त्यात जागा नाही, आणि ती वाफही धरून ठेवत नाही. डब्यावर भरल्याची तारीख लिहावी.

टाकीतलं पेट्रोल वापरण्याजोगं आहे का, हे ठरवायला दोन साध्या गोष्टी पुरतात. मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी किंवा विडी-सिगारेट नसताना, थोडं काचेच्या बरणीत घ्यावं आणि शेजारी ताजं ठेवून बघावं. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. रंग गडद आणि वास आंबूस असेल तर गम. दुसरी चाचणी पंपावरची फिल्टर पेपरची. भेसळ ओळखण्यासाठी ती कुणीही ग्राहक मागू शकतो. कागदावर थेंब टाकला की ताजं पेट्रोल उडून जातं आणि मागे डाग राहत नाही. गम असेल तर तेलकट कड उरते. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलला मात्र ही चाचणी लावू नये, ते डाग सोडणारच.

नुसतं हलके घटक उडालेलं पेट्रोल फेकू नये. मोठ्या गाडीच्या जवळपास भरलेल्या टाकीत लिटर-दीड लिटर मिसळलं तर ते बिनघोर जळून जातं. थर फुटलेलं किंवा आंबूस वासाचं पेट्रोल कुठल्याच टाकीत घालू नये. प्रश्न मग उरतो, ते टाकायचं कुठे? वापरलेलं इंजिन ऑइल घेणारे परवानाधारक आहेत, पण चार लिटर सडलेलं पेट्रोल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तालुक्यात जागा नाही. ते बांधावर ओतलं जातं, गटारात जातं, नाहीतर कचरा पेटवायला वापरलं जातं आणि त्यात माणसं भाजतात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, दूरची ठिणगीही तिला पुरते. इंधनाची रचना सरकारनं बदलली, तर अशा पेट्रोलसाठी तालुक्यातल्या एखाद्या पंपावर संकलनाचं पिंप ठेवायला लावणं आणि यंत्राच्या अनुदानाबरोबर हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करण्याची सूचना मराठीत छापून देणं, ही दोन्ही कामंही सरकारचीच आहेत.